कोपरा अर्धवट, फोटो नामंजूर

माझ्या मोबाईलचं स्टोरेज आठवड्यातून दोनदा फुल्ल होतं. फोटो डिलीट मारता येतात हो, पण किस्से कुठं डिलीट होतात! ते साचतच राहतात, अन् डबा उघडला की एकेक वर येतात. आज तुम्ही सगळ्या निवांत बसल्याच आहात तर ऐका. मधेच माझा डोळा लागला तर मात्र हलवून उठवा. रोज लोह्याहून एसटीनं नांदेडला येणाऱ्या बाईला कुठंही झोप लागू शकते, उभ्या उभ्या सुद्धा.

आमचं ऑफिस म्हणजे फोटोंचं ऑफिस. नाव कशाला सांगू, नाव सांगून ते काही मोठं होणार नाही. नांदेड अन् लातूर, दोन्ही जिल्ह्यांतल्या खेड्यात कुठं शाळेची भिंत झाली, कुठं स्मशानभूमीचं कंपाउंड झालं, कुठं जनावरांचा हौद झाला, की गावचे ग्रामसेवक फोटो काढून ॲपवर टाकतात. ते सगळे माझ्या स्क्रीनवर येतात. मी बघायचं अन् दोनपैकी एक बटण दाबायचं. मंजूर, नाहीतर नामंजूर. अकरा वर्षं झाली, कंत्राटावर बसून मी हे बटण दाबून राहिले. मानेचा पट्टा आधी एकच होता, आता दोन आहेत. एक घरी, एक ऑफिसात.

नियमही दोनच. फोटोवर ॲपनं आपोआप गावाचं लोकेशन छापलं पाहिजे, हा एक. अन् बांधकामाचं माप कळावं म्हणून बाजूला एक माणूस उभा पाहिजे, हा दुसरा. आता खेड्यात रेंज नसली की लोकेशनच्या जागी नुसती रिकामी चौकट येते. अन् माणूस सापडला नाही की लोक जे हाती लागेल ते उभं करतात. असे बिनगावाचे फोटो रोज ढिगानं. ते कुठल्या गावचे हे शोधायचं काम माझं. अन् मला ते शोधून द्यायचं काम सत्तारभाईंचं.

*

सत्तारभाई म्हणजे पन्नाशीचा, हळू आवाजात बोलणारा माणूस. कागदावर पद 'बांधकाम मदतनीस'. घर नांदेडच्या जुन्या वस्तीत. बाप, आजा सगळे दगड घडवणारे, अन् हेही आधी तेच करायचे. आमची पहिली गाठ पडली ती एका शेळीमुळं.

फोटोत एक भिंत, भिंतीपुढं मापाला शेळी. लोकेशन नाही, पाटी नाही, काही नाही. मी डोकं धरून बसले होते. सत्तारभाई बाटली भरायला चालले होते, ते माझ्या मागं थांबले अन् म्हणाले, "ताई, ह्ये देगलूरच्या अलीकडचं हाय."

"का हो, शेळी ओळखीची आहे का?"

"शेळी न्हाई ताई, दगड."

म्हटलं, घ्या! ऑफिसात वेड्यांची काही कमी होती का, तर हे आणखी एक आलं. तरी देगलूरकडच्या चार-पाच ग्रामसेवकांना फोन लावले. तिसऱ्याला भिंत अन् शेळी सांगितली, तर तो ओरडलाच, "कमाल हाय मॅडम तुमची! शेळी आमच्या सरपंचाचीच हाय, पन तुम्हाला कसं कळलं?"

मग भाईंनी मला शिकवलं. आपल्याकडं लोहा, कंधार, तिकडं लातूरपर्यंत सगळा काळा दगड. देगलूर, बिलोली, धर्माबादकडं गेलं की तो करडा-गुलाबी होतो, जाडं मीठ पेरल्यासारखा ठिपक्याठिपक्यांचा. अन् उदगीरच्या पलीकडं कर्नाटकाच्या अंगाला लाल जांभा लागतो. "लोकं सिमेंट कुठलं बी आनतेत," भाई म्हणायचे, "पन पायाला दगड घालताना कुनी लांब जात न्हाई. जे शेतात निघतं त्येच घालतेत."

गावाचं नाव सांगून झालं तरी ते खुर्चीमागून हलायचे नाहीत. फोटो मोठा करायला लावायचे. आणखी मोठा. बांधकामाचा कोपरा बघायचे. एकदा वैतागून मी म्हटलं, "भाई, गाव सांगितलंत ना? मग सरका की आता! इथं दीडशे फोटो पडलेत."

तेव्हा त्यांनी सांगितलं. धाकटा भाऊ गफ्फार सात वर्षांपूर्वी भांडून निघून गेला. ना फोन, ना पत्ता. बिदरला शोधलं, निजामाबादला शोधलं, कुठं नाही. "त्याला दगडाबिगर दुसरं काय येत न्हाई ताई. जिथं असंल तिथं दगडच घडवत असंल. आज ना उद्या त्याच्या कामाचा फोटो हितं येनारच." मी विचारलं, फोटोवरून ओळखणार कसं? तर म्हणाले, गफ्फार डावखुरा आहे. सगळ्यांच्या छन्नीच्या रेघा एकीकडं झुकतात, त्याच्या उलट्या झुकतात.

घरी अम्मी आहे. रोज हे ऑफिसातून घरी गेले की ती एवढंच विचारते, "मिला क्या रे?" तिला एकदा दोन्ही पोरं शेजारी बसलेली बघायची आहेत. जायच्या आधी, असं ती उघडच म्हणते. त्या दिवसानंतर मी भाईंना सरका म्हटलं नाही. माझ्या टेबलाजवळ त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलं, झालं.

*

आता त्या ठेकेदाराचं ऐका. मिशीवाला, गळ्यात चेन, आला की सगळ्यांना चहा सांगणारा. त्याच्या तीन कामांचे फोटो आले. शाळेची भिंत पिवळी, स्मशानभूमीची पांढरी, व्यायामशाळेची हिरवी. तिन्हीवर लोकेशन नाही. तिन्ही गावात नेमकी त्याच दिवशी रेंज नव्हती म्हणे!

भाईंनी तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावायला सांगितले. वरच्या गिलाव्याचा रंग वेगळा होता, पण खालचा काळा दगड उघडा होता. अन् डावीकडून चौथ्या दगडात कवडीएवढा पांढरा, चकाकणारा डाग होता. पिवळ्या भिंतीत होता, पांढऱ्या भिंतीत होता, अन् हिरव्या भिंतीतही तिथंच होता.

ठेकेदाराला बोलावलं. गडी काय कबूल होतोय! म्हणाला, "दगडासारखा दगड असतोय भाई. दगडाला काय आधार कार्ड हाय का?"

सत्तारभाई शांतपणे म्हणाले, "हाय ना. ह्यो बघा त्याचा फोटो. आधार कार्डावानी खराब आलाय, पन मानूस वळखू येतोय."

ठेकेदार स्वतःच इतका हसला की चहा त्याच्या शर्टावर सांडला. मी तिन्ही फोटो नामंजूर केले. तर पुढच्याच आठवड्यात त्याचा आणखी एक फोटो आला. भिंत तीच, आता निळी!

*

आमचे साहेब पुण्याकडचे. बदलीवर आले अन् इथंच अडकले. बाईसाहेब लातूरच्या, म्हणून बंगला लातुरात बांधला. माणूस वाईट नाही, पण आपल्यापेक्षा दुसऱ्याला जास्त कळतं हे त्यांना दुपारी जेवणानंतर सोसत नाही.

एके दिवशी साहेब बाहेर आले, हातात मोबाईल. सगळ्यांना गोळा केलं. आमच्या जीपचा ड्रायव्हर गंगाधर पण आला, कारण फुकटची गंमत तो सोडत नाही. साहेब म्हणाले, "सत्तार, तुम्ही फार दगड ओळखता म्हणे. हा दगड कुठला सांगा बरं!"

फोटोत बंगल्याची दर्शनी भिंत. तपकिरी, काळे, राखाडी दगड, झकास दिसत होते. भाईंनी मोबाईल जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला, पण या माणसाला इशारे कळत असते तर काय पाहिजे होतं!

"साहेब, ह्यो दगडच न्हाई."

"म्हणजे?"

"ह्यो अन् त्यो बघा, जुळे हायेत. तसाच डाग, तशीच चीर. तिकडं वर बी तस्सेच दोघं. दगडात जुळं होत न्हाई साहेब. ही छापील फरशी हाय."

साहेबांना बंगल्याच्या ठेकेदारानं अस्सल दगड म्हणून सांगितलं होतं, अन् साहेबांनी तेच सासरी सांगितलं होतं. गंगाधरला खोकल्याची उबळ आली अन् तो तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला. संध्याकाळी निघताना साहेब भाईंच्या कानाशी येऊन म्हणाले, "सत्तार, हे आमच्या घरी कळायला नको हं."

घरी कळलं की नाही माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी ऑर्डर निघाली. 'बांधकाम मदतनीस यांना फक्त लोकेशन नसलेले फोटो दाखवावेत. इतर फोटो पाहून वेळ वाया घालवू नये.' ती ऑर्डर माझ्या मॉनिटरच्या वर चिकटवली गेली. आधी भाई स्टुलावर बसून येणारा प्रत्येक फोटो बघायचे. आता ज्यावर लोकेशन आहे तो आला की ते आपणहून मान वळवायचे, खिडकीबाहेर बघत बसायचे.

मला लई वाईट वाटलं. मी तशी भांडकुदळ बाई, घरी विचारा. पण दर अकरा महिन्यांनी जिचं कंत्राट साहेबांच्या सहीनं पुढं सरकतं, तिनं भांडायचं कुणाशी? भाईच मला म्हणाले, "जाऊ द्या ताई. ज्या गावात रेंज न्हाई तिथंच असंल त्यो. त्याला मानसांचा तसाबी कंटाळा हाय."

*

गंगाधरच्या पोरीचं स्थळ जमत होतं. मुलगा औशाकडचा, शिकलेला. बायोडाटासोबत फोटो आला, मुलगा हाताची घडी घालून उभा अन् मागं बंगला. खाली लिहिलं होतं, 'स्वतःचे राहते घर'. गंगाधरनं तो फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवला. भाईंना दाखवू नको असं मी त्याला आधीच बजावलं होतं, पण ऐकतो कोण!

"पोरगं चांगलं हाय," भाई म्हणाले. "पन घर त्याचं न्हाई. पायऱ्या जांभ्याच्या हायेत. औशाकडं जांभा कोन घालतंय? ह्ये उदगीरच्या पलीकडचं."

गंगाधरचं तोंड उतरलं. तो तसाच तडक औशाला गेला. मुलाच्या बापापुढं फोटो धरला अन् म्हणाला, "पाव्हणं, ह्यो बंगला कुठाय?" मुलाचा बाप बायकोकडं बघायला लागला. ती चहा टाकायला आत गेली. शेवटी पोरगाच म्हणाला, "मामाचा हाय. आमच्या घराफुडं म्हशी बांधलेल्या असतेत, फोटो चांगला येत न्हाई!"

गंगाधर रागानं घरी आला अन् पोरीला म्हणाला, स्थळ रद्द, लोक खोटारडे आहेत. पोरगी पदवीधर. तिनं शांतपणे विचारलं, "म्हशी किती हायेत?"

लग्न थाटात झालं. आम्ही सगळे गेलो होतो. मुलाकडच्यांनी एवढी काळजी घेतली की लग्नाचे सगळे फोटो मंडपाच्या कापडापुढं काढले. अख्ख्या अल्बमात एक भिंत दिसत नाही!

*

भाई चुकले असं आम्हाला एकदाच वाटलं. एक बिनलोकेशनचा फोटो होता, अंगणवाडीच्या नव्या खोलीचा. शेजारच्या घराची काळी घडीव भिंत त्यात दिसत होती. भाईंनी पाहिलं अन् म्हणाले, "ह्ये लातूरचं. भूकंपाच्या पट्ट्यातलं."

संध्याकाळी नायगावकडच्या ग्रामसेवकाचा फोन आला, "मॅडम, आमच्या अंगणवाडीचा फोटो दिसला का?" तोच फोटो! भाईंचा अंदाज एवढा मोठा हुकला या आनंदात गंगाधरनं सगळ्यांना भजी खाऊ घातली. साहेबांनी तर दोन प्लेट खाल्ल्या. भाईंनी भज्याला हात लावला नाही. "दगड लातूरचाच हाय," एवढंच म्हणत राहिले. शेवटी साहेब म्हणाले, जा, समक्ष बघून या.

गेलो. मी, भाई अन् गंगाधर. ऊन असं की जीपच्या दाराला हात लावावा तर चटका बसत होता. अंगणवाडी नवी होती, पण शेजारच्या घराची ती एक भिंत खरंच तिथली वाटत नव्हती. बाकी घर गुलाबी दगडाचं, अन् ही एकच भिंत काळी. भाई भिंतीवर हात फिरवत होते, तेवढ्यात आतून एक आजी आली अन् म्हणाली, "हात धुतलेत का? माझं म्हायेर हाय ते."

आजीनं आम्हाला पाणी दिलं अन् सांगितलं. तिचं माहेर औशाच्या पलीकडं. भूकंपात घर पडलं, माणसं गेली. गाव दुसरीकडं वसलं, तिथं सगळी सिमेंटची घरं. जुना दगड ढिगात पडून होता. "दिवाळीला जायाचं कुठं? म्हायेरात कुनी ऱ्हायलंच न्हाई. मग मालकाला म्हनलं, मला लुगडं नगं, काय नगं. ट्रॅक्टर घ्या अन् माझं म्हायेर आना."

भाईंनी डोकं झाकलं, दोन्ही हात धुऊन आले अन् मग पुन्हा त्या भिंतीला हात लावला. गंगाधर मला हळूच म्हणाला, "मॅडम, ती भजी मला पचली न्हाईत बघा."

परत येताना भाई आपणहून बोलायला लागले. मी कधी विचारलं नव्हतं की भावाशी भांडण कशावरून झालं.

अब्बांची पद्धत होती. भिंतीच्या कोपऱ्याच्या दगडाला दोन दर्शनी बाजू असतात. एका बाजूला सत्तार बसायचा, दुसऱ्या बाजूला गफ्फार. एक उजवा, एक डावा. दोघं एकदम छन्नी चालवायचे अन् धारेवर येऊन थांबायचे. अब्बा म्हणायचे, कोपरा दोघांचा असतो, एकट्यानं करायचा नाही. अब्बा गेले. मग एका गावात दोघं असेच कोपऱ्यावर बसले होते, अन् भाईंना या ऑफिसातून फोन आला, कंत्राटाची जागा आहे, आजच या. भाई छन्नी ठेवून उठले. गफ्फारला म्हणाले, येतो.

"अन् गेलोच न्हाई ताई. महिना गेला, तरी गेलो न्हाई. लाज वाटायची. त्यानं महिनाभर कोपऱ्यावर वाट बघितली म्हने. मग एक दिवस घरी आला, अम्मीच्या पाया पडला, मला म्हनला, तू अर्ध्यातून उठलास. बस. तेवढंच बोलला अन् गेला."

गंगाधरनं रेडिओ बंद केला. मला वाटलं काहीतरी बोलावं, पण अशा वेळी जे बोलतात ते सगळं मला खोटं वाटतं. लोहा आलं, मी उतरले अन् "सांभाळून जा" एवढंच म्हटलं.

*

आता जे सांगते त्यात माझी चूक आहे, ती आधीच कबूल करते.

धर्माबादकडच्या एका गावातून जनावरांच्या हौदाचा फोटो आला होता. गुलाबी दगडाचा, घडीव, सुरेख हौद. लोकेशन व्यवस्थित छापलेलं. मापाला गावचा पोलीस पाटील उभा. पण एका कोपऱ्याची एक बाजू तशीच ओबडधोबड राहिली होती. माझ्या हाताला सवय आहे, तीन सेकंदात नजर फिरते. शेरा टाकला, 'कोपरा अर्धवट, फोटो नामंजूर'. महिन्याभरानं तोच फोटो परत आला. तोच कोपरा, तोच शेरा, पुन्हा नामंजूर. हे दोन्ही ऑर्डर निघाल्यानंतरचं, पण नायगावच्या फेरीच्या आधीचं.

तिसऱ्यांदा तो आला मार्चमध्ये. मार्चमध्ये आमच्याकडं माणूस माणसात नसतो. दिवसाला हजार फोटो, मानेला पट्टा, डोळ्यांत औषध. भाई माझ्या शेजारी स्टुलावरच बसले होते. लोकेशन असलेला फोटो उघडलेला बघून त्यांनी ऑर्डरप्रमाणे मान फिरवली, खिडकीकडं. अन् मी बटण दाबलं. कोपरा अर्धवट, फोटो नामंजूर. भावाची सगळी कहाणी मला माहीत होती हो! पण त्या दिवशी मला नुसतं घरी जायचं होतं.

चार दिवसांनी त्या गावच्या ग्रामसेवकाचा फोन आला. बिचारा रडकुंडीला आला होता.

"मॅडम, तुम्ही तीनदा परत लावलं. इकडं मिस्त्री ऐकंना! समदा हौद एक नंबर केलाय, पन त्या कोपऱ्याच्या एका बाजूला छन्नी लावायला तयार न्हाई. म्हनतो, ती बाजू माझी न्हाई, ज्याची हाय त्यो येऊन करंल. आता ह्या येड्याला काय सांगू? सहा महिने झाले, जनावरं पान्यासाठी थांबून राहिलीत!"

मी विचारलं, "मिस्त्री डावखुरा आहे का?"

"हाव! पन मॅडम, तुम्हाला कसं कळलं?"

मी फोन ठेवला. भाई बिनलोकेशनच्या फोटोंची यादी करत होते. मी मॉनिटरवरची ती ऑर्डर ओढून काढली, चिकटपट्टीसकट, अन् पर्समध्ये कोंबली. मग फोटो उघडला. "भाई, इकडं या. इकडं बघा." ते म्हणाले, "ताई, लोकेशन असलेला हाय त्यो." मी ओरडलेच, "असू द्या हो! बघा म्हणते ना!"

त्यांनी बघितलं. मी कोपरा मोठा केला. एका बाजूला रेघा, सगळ्या उलट्या झुकलेल्या. दुसरी बाजू कोरी. भाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मी म्हटलं, "भाई, माझं चुकलं. तीनदा माझ्यापुढं आला होता." त्यांनी ते ऐकलंच नाही. मी विचारलं, "गावाचं नाव सांगू का?"

"नक्को," ते म्हणाले. "आधी घरी जाऊन छन्नी सापडती का बघतो."

दोन दिवसांच्या रजेचा अर्ज त्यांनी लिहिला, गावाचं नाव नको म्हणाले होते म्हणून रजेतला पत्ता मी घातला. गंगाधरनं सांगितलं की जीप सर्व्हिसिंगला न्यायची आहे, अन् जीप घेऊन तोही गायब झाला. भाईंच्या म्हाताऱ्या अम्मीला एसटीत बसवत नाही, हे त्याला ठाऊक होतं. सर्व्हिसिंग धर्माबादला कधीपासून व्हायला लागलं, ते मी विचारलं नाही.

दोन दिवस मी फोटो मंजूर करत होते की नामंजूर, देव जाणे. लक्षच नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी हौदाचा फोटो चौथ्यांदा आला. तीनदा नामंजूर झालेला फोटो साहेबांनी बघितल्याशिवाय मंजूर होत नाही, म्हणून मी कॉम्प्युटर त्यांच्याकडं वळवला.

हौदात काठोकाठ पाणी होतं. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना रेघा होत्या. एका बाजूच्या इकडं झुकलेल्या, दुसऱ्या बाजूच्या तिकडं, अन् मधे धारेवर येऊन मिळालेल्या. कोपऱ्याशी दोन माणसं उकिडवी बसली होती, कॅमेऱ्याकडं पाठ करून, डोक्याला रुमाल बांधून. एकाच्या उजव्या हातात हातोडा, दुसऱ्याच्या डाव्या हातात. दोघांच्या मधे खुर्ची टाकून एक म्हातारी बसली होती, तिचे हात दोघांच्या पाठीवर.

साहेबांनी चष्मा वर सरकवला. फोटो नीट बघितला. लोकेशन तपासलं, कोपरा तपासला अन् मान हलवली.

"काम ठीक आहे. पण सुनंदाबाई, मापासाठी आपण एक माणूस सांगितलाय ना? मग इथं हे तिघं कशाला?"